वीतभर आधी

निवासला आधी विचारायची खोड होती,
मग उघडून बघायची लागली.
गुरवाच्या घरचं गजराचं घड्याळ
त्यानं एका दुपारी उंबऱ्यावर सुटं केलं,
आणि परत जुळवलं तेव्हा
दोन चाकं हातात उरली.
घड्याळ चालतच होतं.
"मग ही दोन कशाला होती, आक्का?"
मला काय ठाऊक! मी पाठीत धपाटा घातला
आणि चाकं माझ्या कुंकवाच्या डब्यात लपवली.
अजून आहेत.

भोगावतीच्या काठाला गुऱ्हाळं पेटली
की आई चरकात ऊस लावायला जायची.
चुलवाणात चिपाडं, काहिलीला उकळी,
पहाटेचे तीन.
तिचा डोळा लागला, पापणी पडावी एवढाच.
बांगड्या आधी वाजल्या म्हणतात.
चरकापासून इंजिन वीस पावलं.
गुळव्या धावला, चांगला धावला,
पण वीस पावलांत हात मनगटापर्यंत गेला.
त्या आदनाचा गूळ कुणी खाल्ला नाही.
मालकानं त्याचे पैसे मजुरीतून कापले नाहीत,
हे आई अजून उपकारासारखं सांगते.

निवास तेव्हा सातवीत.
सीपीआरच्या व्हरांड्यात तो रडला नाही,
एवढंच म्हणाला,
"इंजान येवढं लांब का ठेवत्यात?"

शाळा तिथंच सुटली.
उद्यमनगरात लेथवर पोऱ्या म्हणून लागला,
चहा आणायचा, कीस झाडायचा,
रात्री शटरच्या आत पोत्यावर निजायचा.
दस्तगीर मिस्त्री तोंडानं कडू माणूस.
मायक्रोमीटर हातात देण्याआधी
वर्षभर नुसता पुसायला लावला.
मी हुपरीत, सासरी,
पैंजणाच्या कड्या जुळवत.
डोळ्यांत पाणी येईस्तोवर जुळवल्या की
महिन्याला थोडे पैसे त्याच्या पत्र्याला, तारेला.
नवऱ्याला सांगितलं नाही. आता कळेल.

पहिलं यंत्र उसालाच घाबरायचं,
मोळी लावली की गप्प.
दुसऱ्याचा पट्टा उडाला,
ती खूण त्याच्या भुवईवर आहे.
तिसरं भंगारात गेलं, किलोच्या भावानं,
आणि ते वजन करताना तो काट्याकडेच बघत होता:
काट्यात काय स्प्रिंग आहे!
ऊस कुठला, हात कुठला,
लोखंडाला कसं सांगायचं?
यात सहा वर्षं गेली.
गावात त्याला "थांबव्या" म्हणायला लागले.

भाऊबीजेला मी माहेरी होते.
आई चुलीत जळण सारत होती, उरलेल्या हातानं.
हात पुढं गेला, तसा खांदा गेला,
खांद्यापाठोपाठ छाती.
निवासचा घास तोंडाशी थांबला.
"उसामागं माणूस नसतंय, आक्का.
हातामागं असतंय."
मला वाटलं, पोराला ताप आला.

रात्री ती झोपल्यावर
त्यानं तिचा धडका हात सुतळीनं मापला,
कोपराला एक गाठ, काखेला एक.
आणि मग, बघा, केवढंसं ते:
छातीसमोर एक आडवी दांडी,
सायकलच्या ब्रेकची तार,
वीस पावलांवर सुटणारा पट्टा,
आणि उरलेली फिरकी धरून ठेवायला
बाभळीचा एक ठोकळा.
बोटं पोचायच्या वीतभर आधी
सगळं थांबतं.

पुण्याहून अर्ज आला, त्यात रकाना होता:
शोध लावण्यास किती काळ लागला?
त्यानं लिहिलं, वीस पावलं.
मग खोडून, अकरा वर्षं.

त्याच गुऱ्हाळात पहिली चाचणी.
निवास स्वतः पुढं होणार होता,
पण आई आधीच चरकाशी जाऊन उभी,
पदर खोचलेला, धडका हात पुढं.
कुणाला अडवायला सवड दिली नाही.
ती वाकली.
दांडी खटकन् वाजली, पट्टा सुटला, ठोकळा बसला,
आणि सगळं इतकं गप्प झालं
की ढोणीत पडणारा रस थेंबाथेंबानं ऐकू आला.
तिच्या बांगड्या वाजल्या नाहीत.

तिनं हात मागं घेतला, उलटापालटा करून बघितला,
मग चरकात अडकलेल्या उसाकडं.
"झ्याक झालंय," म्हणाली,
"पर ह्यो अर्धा ऊस आता कोण काढायचा?"

निवास खाली बसला
आणि खिशातून पाना काढला.